वडिलांना घेऊन टूर द फ्रान्स बघायला येताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत तुम्ही वडिलांसोबत रस्त्यावर उभं राहून पाहिलीत, आणि तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात फ्रान्सची सायकल शर्यत, टूर द फ्रान्स आहे. वडील ६६ वर्षांचे, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणारे. तरुणपणी बोरघाटात उभं राहून त्यांनी मुंबई–पुणे शर्यत बघितली आहे. तुमच्याकडे जुलैमध्ये दहा दिवसांची रजा आहे. परदेशात गाडी चालवायची तयारी नाही. सगळ्यात चांगला टप्पा (म्हणजे शर्यतीचा एका दिवसाचा भाग) कोणता, आणि कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) भाड्याने न घेता हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल, आणि चांगलं जमेल. मी मूळचा साताऱ्याचा, गेली चौदा वर्षं फ्रान्समध्ये ग्रेनोबलला राहतो. दर जुलैला टूर बघतो आणि बहुतेक वर्षी महाराष्ट्रातून आलेले चार-पाच जण सोबत असतात. त्या अनुभवावरून सांगतो, ‘कोणता टप्पा’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की त्या दिवशी तुम्ही नेमके कुठे उभे असाल, तिथे किती वाजता पोहोचाल आणि संध्याकाळी तिथून कसे निघाल. ज्यांचा दिवस वाया जातो त्यांचा टप्पा क्वचितच चुकीचा असतो. चुकतं ते येण्याजाण्याचं गणित.

माझंही पहिल्या वर्षी तेच झालं. गाडी भाड्याने घेतली, नकाशावर तीन ठिकाणं नक्की केली आणि एकाच दिवशी तिन्ही गाठायचं ठरवलं. पहिल्या ठिकाणी रायडरांचा अख्खा जथा वीस-पंचवीस सेकंदांत समोरून गेला. दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत रस्ता बंद झाला होता. तिसरं ठिकाण सोडूनच द्यावं लागलं, आणि रात्री अकरापर्यंत मी वाहतुकीत अडकलो होतो. तेव्हापासून नियम एकच पाळतो. एका दिवशी एकच जागा, आणि तिथे सकाळीच जाऊन बसायचं.

हे वेगाचं गणित समजून घ्या. यंदा, म्हणजे २०२६मध्ये, २३ संघ आहेत, प्रत्येकात आठ जण, म्हणजे १८४ रायडर. सपाट रस्त्यावर हा जथा तासाला ४५-५० किलोमीटरने जातो. वाऱ्याचा झोत येतो, चेन आणि चाकांचा एकसुरी घरघराट येतो, आणि संपतं. रंग दिसतात, माणसं दिसत नाहीत. घाटात तोच वेग वीसच्या आसपास येतो आणि जथा फुटतो. पुढे दोघं-तिघं, मग दहा-बारा जणांचा गट, मग एकेकटे, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंटर मंडळींचा (सपाटीवर शेवटच्या धावेत जिंकणारे, घाटात मागे पडणारे) मोठा घोळका, जो फक्त वेळेच्या मर्यादेत पोचायचं म्हणून एकमेकांना धरून चढत असतो. पहिला आणि शेवटचा यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. वडील बोरघाटात का उभे राहायचे, ते त्यांनाच विचारा. तिथल्या ‘घाटाचा राजा’ या किताबासारखाच इथे लाल ठिपक्यांचा जर्सी असतो, त्यामुळे ही गोष्ट त्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आता यंदाच्या मार्गाकडे येऊ. टूर ४ जुलैला बार्सिलोनाहून सुटते आणि २६ जुलैला पॅरिसमध्ये संपते. दहा दिवसांत सगळं बघायचा मोह टाळा. शेवटचा आठवडा घ्या, कारण यंदा तो गाडी न चालवणाऱ्यांसाठीच आखल्यासारखा आहे. २० जुलै, सोमवार, विश्रांतीचा दिवस. २१ला एव्हियाँ ते तोनाँ अशी २६ किलोमीटरची वैयक्तिक टाइम ट्रायल, लेमाँ सरोवराच्या काठच्या गावांत. २२ला शांबेरी ते व्वाराँ. २३ला व्वाराँहून ऑर्सिएर-मेर्लेत. २४ला गाप ते आल्प द्युएझ, तीच प्रसिद्ध २१ वळणं. २५ला बूर-द्वाझाँहून निघून क्र्वा द फेर, तेलेग्राफ, गालिबिए आणि सारेन असे घाट ओलांडत पुन्हा आल्प द्युएझ, पण मागच्या बाजूने. आणि २६ला पॅरिस.

जिनिव्हाला उतरा. तिथून एव्हियाँ-तोनाँकडे लेमाँ एक्सप्रेस नावाची लोकल जाते, गाडी बदलावी लागत नाही. टाइम ट्रायल नवख्या प्रेक्षकासाठी उत्तम, कारण रायडर एकेक करून, मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने येतात. कार्यक्रम कित्येक तास चालतो. मधे उठून सावलीत बसता येतं, खाऊन येता येतं, आणि प्रत्येक चेहरा नीट दिसतो. प्रवासाचा थकवा अंगात असतानाचा पहिला दिवस म्हणून मी हाच निवडेन.

त्यानंतर ग्रेनोबल. जिनिव्हाहून रेल्वेने दोन-सव्वादोन तास. व्वाराँ ग्रेनोबलपासून लोकल रेल्वेने वीस मिनिटांच्या आतबाहेर आहे, त्यामुळे २२ची समाप्ती आणि २३चा प्रारंभ दोन्ही एकाच खोलीवरून होतात. दोन्हीला जा असा माझा आग्रह नाही. २२ला जा आणि २३ला आराम करा, कारण २४ आणि २५ हे दोन दिवस दमवणारे आहेत.

आल्प द्युएझबद्दल मात्र सविस्तर लिहितो. बूर-द्वाझाँच्या पायथ्यापासून १३.८ किलोमीटरची चढण, सरासरी ८.१ टक्के. वळणांचे आकडे उलटे आहेत. सगळ्यात खालचं २१वं, सगळ्यात वरचं पहिलं, आणि प्रत्येक वळणावर इथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी. पहिला विजेता १९५२ साली फाउस्तो कोप्पी. सातवं वळण डच लोकांचं. केशरी रंग, मोठ्याने संगीत आणि सकाळपासून बिअर. तिथला जल्लोष खरा असतो आणि एकदा बघावाही, पण वडिलांसोबत नको. दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि बाहेर पडायला तर अजिबात नसते.

मी ला गार्द गावाजवळच्या १६व्या वळणावर उभा राहतो. पायथ्यापासून जेमतेम अडीच किलोमीटर, चढ अडीचशे मीटरच्या आत. आतकरवाडीहून गड चढणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. फक्त डांबरी रस्ता उन्हात तापतो आणि सुरुवातीचा चढ दहा टक्क्यांचा आहे, म्हणून सकाळी लवकर चालायला लागा. हा घाटातला सगळ्यात खडा भाग, रायडर नुकतेच खालून आलेले असतात, आणि मोठी लढत बहुतेकदा इथेच सुरू होते. संध्याकाळी गर्दी उतरायला लागली की खाली पोचायलाही तुम्हाला इतरांपेक्षा कमी वेळ लागतो.

चालणं टाळायचं असेल तर दुसरा मार्ग आहे. अल्माँ गावाहून ऑझपर्यंत केबल कार जाते आणि ऑझहून पुढे आल्प द्युएझला दुसरी. वर शेवटच्या काही किलोमीटरला दोन्ही बाजूंनी कठडे असतात. तिथे रायडरपासून अंतर जास्त, पण मोठा पडदा, खाणंपिणं आणि शौचालय जवळ. शर्यतीच्या दिवशी केबल कारच्या वेळा वेगळ्या असू शकतात, त्या जुलैमध्ये गावाच्या पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

मुक्कामाबद्दल खरं सांगायचं तर बूर-द्वाझाँमधल्या खोल्या मार्ग जाहीर झाला तेव्हाच, ऑक्टोबरमध्ये जायला लागतात. तरी आजच अल्माँ, व्होजानी, व्हिझिल या गावांत शोधा. २३ आणि २४ची रात्र अल्माँला मिळाली तर सोनं समजा, कारण २५ला क्र्वा द फेरकडे जाणारा जथा त्या गावाजवळूनच जातो. नाही मिळाली तर ग्रेनोबलची खोली राहू द्या आणि पहाटेची पहिली बस पकडा. बूर-द्वाझाँची बस एरवी सव्वा तास घेते. त्या दिवशी दुप्पट वेळ धरा, आणि परतीची शेवटची बस किती वाजता हे आदल्या दिवशी पक्कं करून घ्या.

कॅम्परबद्दल विचारलंत. डोंगरावर कॅम्पर घेऊन आठवडाभर राहणारे लोक या शर्यतीचा प्राण आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसायला मिळणं हे भाग्य. पण चांगली जागा दोन-तीन दिवस आधी धरावी लागते आणि अरुंद घाटात उजव्या बाजूने अवजड गाडी चालवावी लागते. शर्यत संपली की तासन्‌तास हलता येत नाही. पहिल्या खेपेला, त्यातही गाडी चालवायची तयारी नसताना, तो विचार सोडून द्या.

रस्ता कधी बंद होतो याचं एक उत्तर नाही. ते त्या जिल्ह्याचं प्रशासन ठरवतं आणि त्याचा आदेश काही आठवडे आधी जाहीर होतो. साध्या रस्त्यावर काही तास आधी, प्रसिद्ध घाटात गाड्यांसाठी आदल्या दिवशी किंवा रात्रीच. पायी आणि सायकलवाल्यांना बराच वेळ सोडतात, पण शेवटचा शब्द वळणावर उभ्या असलेल्या जांदार्मचा, म्हणजे तिथल्या पोलिसाचा. त्याने थांब म्हटलं की थांबायचं. हुज्जत घालून कुणाला पुढे जाताना मी कधी पाहिलेलं नाही. हवामान आणि इतर कारणांनी मार्गही बदलतो. २०१९मध्ये गारा आणि दरड कोसळल्यामुळे एक टप्पा इझेरान घाटाच्या माथ्यावरच संपवला होता. गेल्या वर्षी गुरांच्या रोगाच्या साथीमुळे ला प्लान्यचा टप्पा छोटा केला. त्यामुळे रोज सकाळी टूरच्या अ‍ॅपवर वेळा बघायच्या.

जागेवर पोचल्यावर दिवस कसा जातो ते सांगतो, कारण नवख्यांना वाटतं की आपण नुसती वाट बघणार. सकाळी हौशी सायकलवाले तोच घाट चढत असतात, सत्तरीचे आजोबा आणि दहा वर्षांच्या मुलीसुद्धा, आणि लोक त्यांनाही तितक्याच मनापासून ओरडून चढवतात. रायडरच्या साधारण दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा येतो. ही प्रथा १९३०पासूनची. दहाएक किलोमीटर लांब ताफा, अर्धा तास चालतो, गाड्यांवरून टोप्या, बिस्किटं, चॉकलेटं फेकतात. लाल-पांढऱ्या चौकटीची टोपी वडिलांना हमखास मिळेल. पण चाकाखाली पडलेल्या वस्तूसाठी वाकायचं नाही. हात फक्त हवेतल्या वस्तूसाठी.

मग बराच वेळ शांतता, आणि दरीच्या खालच्या बाजूला हेलिकॉप्टर ऐकू येतं. ते वर सरकत येईल तशी गर्दी रस्त्यावर सरकते. पोलिसांच्या मोटरसायकली, लाल रंगाची संचालकांची गाडी, आणि तिच्यामागे पहिला रायडर.

२०२२च्या १४ जुलैला मी याच वळणाच्या जरा वर होतो. माझ्या शेजारी ल्यॉनहून आलेल्या एक आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्रात छापलेली रायडरची यादी, हातात पेन्सिल. पुढच्या छोट्या गटात टॉम पिडकॉक होता, जो नंतर जिंकला. त्याच गटात ख्रिस फ्रूम. चार वेळा टूर जिंकलेला, २०१९च्या भीषण अपघातानंतर पुन्हा उभा राहिलेला, तेव्हा ३७ वर्षांचा. त्या दिवशी तो तिसरा आला. आजींनी त्याच्या नंबरापुढे खूण केली आणि पुढचा अर्धा तास त्या प्रत्येक नंबरापुढे खूण करत राहिल्या. रायडर इतक्या जवळून जात होते की जर्सीवर वाळलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या, आणि श्वास ऐकू येत होता, आत ओढताना शिट्टीसारखा. स्प्रिंटरांचा घोळका गेला, निम्मी गर्दी निघाली. आजी हलल्या नाहीत. यादीत एक-दोन नावं उरली होती. शेवटचा रायडर आला तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच्या मागे शर्यत सोडणाऱ्यांना उचलणारी गाडी गेली, मग त्यांनी पेन्सिल पर्समध्ये ठेवली. मी तेव्हापासून शेवटचा रायडर जाईपर्यंत जागा सोडत नाही, आणि तुम्हीही सोडू नका.

उभं राहण्याची शिस्त मी फार मनावर घेतो. २०२१मध्ये पहिल्याच टप्प्यावर एक बाई टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत पाटी घेऊन रस्त्यात आल्या आणि जथ्यातले कित्येक रायडर कोसळले. २०१६मध्ये माँ व्हाँतू या डोंगरावर गर्दीने रस्ता इतका अडवला की मोटरसायकल थांबली, तिच्यावर रायडर आदळले आणि फ्रूमला सायकलविना धावावं लागलं. ही माणसं ताशी वीसच्या वेगाने, डोळ्यांत घाम घेऊन, शेवटची ताकद लावून चढत असतात. रायडरसोबत धावायचं नाही. फोन हातभर पुढे काढायचा नाही, कारण पडद्यावर अंतर जास्त दिसतं आणि प्रत्यक्षात रायडर हातावर आलेला असतो. झेंडा आणलात तर तो अंगाशी धरायचा. उतारावर तर रस्त्याच्या कडेलाही उभं राहू नका.

सोबत काय घ्यायचं ते पटकन सांगतो. दोघांचं मिळून चार लिटर पाणी, टोपी, एक वाऱ्याचं जॅकेट (दुपारी उकडतं आणि वादळ आलं की अर्ध्या तासात हुडहुडी भरते), बसायला काहीतरी, आणि खाणं. शाकाहारी असाल तर पाव, चीज, फळं आदल्या दिवशीच घ्या, डोंगरावर भरवसा नाही. भडंग आणि शेंगदाण्याचे लाडू घरून आणलेत तर शेजारचे फ्रेंच लोक तुमचे मित्र होतील. गर्दी वाढली की मोबाईलला नेटवर्क मिळत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आधीच ठरवा. ला गार्दचं चर्च सोयीचं.

रस्त्याच्या कडेला उभं राहायला तिकीट लागत नाही, कुठेच नाही. कुणी ‘घाटातल्या जागेचं’ तिकीट विकत असेल तर ते त्याच्या बसचे आणि जेवणाचे पैसे असतात.

२५ची सकाळ वडिलांसाठी राखून ठेवा. त्या दिवशी बूर-द्वाझाँला टप्पा सुटतो. संघांच्या बस येतात, रायडर उतरतात, सह्या करायला मंचाकडे जातात, आणि ते सगळे शांत असतात, काही थांबून बोलतातही. शेवटच्या डोंगरी दिवशी ठिपक्यांचा जर्सी कुणाच्या अंगावर आहे ते वडिलांना दोन हातांवरून बघता येईल. त्यासाठी टप्पा सुटायच्या दोन तास आधी कठड्याला लागून उभं राहायचं. समाप्ती मात्र टीव्हीवर बघा. सकाळी गावात राहून दुपारी वर पोचायचा प्रयत्न केलात तर दोन्ही हातचं जाईल.

पॅरिस तुमच्या ताकदीवर अवलंबून आहे. ग्रेनोबलहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने तीन तास. २६ला सकाळी निघालात तर संध्याकाळची समाप्ती मिळते. माँमार्त्रच्या चढावर गेल्या वर्षीपासून प्रचंड गर्दी होते, तिथे जाऊ नका. शाँझेलिझेच्या फेऱ्यांमध्ये जथा अनेकदा समोरून जातो, तुइलरी बागेच्या बाजूला उभं राहिलात तरी भरपूर. दमला असाल तर पॅरिस सोडलंत म्हणून काही बिघडत नाही. रजा पुढे ढकलता येत असेल तर १ ऑगस्टपासून लोझानहून महिलांची टूर सुरू होते. तिथे गर्दी कमी आणि रायडर अधिक जवळ. माझ्या घरी तिलाही तितकंच महत्त्व आहे.

व्हिसाचं काम याच महिन्यात सुरू करा. बहुतेक रात्री फ्रान्समध्ये असल्या की जिनिव्हाला उतरूनही अर्ज फ्रान्सचाच करायचा, पुण्यातही केंद्र आहे. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, फी ९० युरो आणि वर केंद्राचा आकार, विमा किमान ३०,००० युरोंचा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, हीच खरी अडचण. हॉटेलचं आरक्षण रद्द करता येण्यासारखं घ्या.

तिकिटं काढलीत की तारखा कळवा. २४ला मी १६व्या वळणाच्या जरा वर, चढताना डाव्या हाताला असेन. घडीच्या दोन खुर्च्या जास्तीच्या आणतो.